पायाखालचा पाया : बाबिलोनच्या पंडितांचा इतिहासशोध



प्राचीन म्हणून ज्यांची आपण गणना करतो त्या लोकांनाही त्यांचा स्वतःचा एक प्राचीन काळ होता, ही गोष्ट साधी असली तरी सहसा आपल्या ध्यानात येत नाही. बाबिलोनचा शेवटचा स्वदेशी राजा नबोनिडस इ. स. पूर्व ५५६ मध्ये गादीवर आला. आज आपल्या आणि त्याच्या दरम्यान सुमारे २६०० वर्षांचे अंतर आहे. परंतु त्याच्या देशात लेखनकला सुरू होऊन त्याच्या वेळी तेवढीच, किंबहुना थोडी अधिकच, वर्षे लोटली होती. लिहिलेल्या मानवी इतिहासाचा एक रस्ता कल्पिला, तर नबोनिडस त्याच्या जवळजवळ मध्यावर उभा आहे. आपल्याला तो जितका जुना, तितकेच त्याला त्याच्या देशातील आद्य लेखक जुने. तेव्हा या लोकांना आपल्या एवढ्या दीर्घ गतकाळाविषयी काय वाटत होते, तो जाणून घेण्याची कोणती साधने त्यांनी घडविली, आणि त्या साधनांचा उपयोग त्यांनी सत्यासाठी केला की सोयीसाठी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम देशाची थोडी ओळख करून घेऊ. टायग्रिस आणि युफ्रेटीस या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश म्हणजे आजचे इराक. दक्षिणेस सुमेर, त्याच्या वर अक्कद. पुढे या दोहोंचे मिळून बाबिलोनिया झाले, आणि उत्तरेस असीरिया. दक्षिणेत दगड दुर्मिळ, लाकूडही चांगले नाही. माती मात्र अमाप. त्यामुळे घरे मातीची, देवळे मातीच्या विटांची, आणि लिहायचे तेही ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा उमटवून. या खुणा खिळ्यासारख्या दिसतात म्हणून त्या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात. कच्च्या विटांची इमारत दोनतीन पिढ्यांत खचते. मग ती सपाट करून तिच्यावरच नवी बांधायची. असे शतकानुशतके चालले की गावाखाली टेकाड तयार होते. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला पांढर म्हणतात, तशाच या पांढरी. पण कित्येक मजले उंच. या देशात भूतकाळ हा शब्दशः पायाखाली होता. विहीर खणली, देवळाची भिंत उतरवली, की कोणातरी विसरलेल्या राजाच्या नावाची वीट हाती येई.

त्यांच्या भाषेतही याची खूण आहे. अक्कदी भाषेत गेलेल्या काळासाठी जे शब्द आहेत त्यांचा मूळ अर्थ ‘समोरचा’ असा आहे, आणि येणाऱ्या काळासाठीच्या शब्दांचा अर्थ ‘पाठीमागचा’. आपण ‘मागे एकदा’ म्हणतो ते झालेल्या गोष्टीविषयी आणि ‘पुढे पाहू’ म्हणतो ते व्हायच्या गोष्टीविषयी. त्यांची तऱ्हा उलटी होती. जे घडून गेले ते दिसते, म्हणून ते डोळ्यांसमोर. जे घडायचे ते दिसत नाही, म्हणून ते पाठीशी. संस्कृतातील ‘पूर्व’ या शब्दात ‘समोरचा’ आणि ‘आधीचा’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, हे येथे आठवावे, म्हणजे ही कल्पना फारशी परकी वाटणार नाही.

राजा पाया शोधतो

आता नबोनिडसाकडे वळू. आजच्या बगदादच्या नैर्ऋत्येस सिप्पर नावाचे नगर होते. तेथे सूर्यदेव शमश याचे एबब्बर नावाचे मोठे देवालय होते. नबोनिडसाच्या आधी थोड्याच वर्षांपूर्वी सुप्रसिद्ध राजा नेबुकद्नेझर याने ते नव्याने बांधले होते. परंतु नबोनिडस सांगतो की, त्या राजाला जुना पाया सापडला नव्हता. तो न सापडताच त्याने देऊळ उभारले, आणि अवघ्या ४५ वर्षांत त्याच्या भिंती खचल्या. कारण काय? आपण म्हणू की माती खारी, पाणी वर आलेले, बांधकाम कच्चे. त्यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. देवाने पहिल्यांदा जी जागा आखून दिली तिच्यावरून देऊळ बोटभर जरी सरकले तरी ते देवाला मानवत नाही, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून नवे देऊळ टिकायचे तर सर्वांत जुना पाया शोधलाच पाहिजे.

नबोनिडसाने देवाची मूर्ती दुसऱ्या जागी हलविली, नगरातील वृद्ध व जाणते पंडित जमविले, आणि खणावयास आरंभ केला. अठरा हात खोल, म्हणजे सुमारे ३० फुटांवर, त्यांना अक्कदचा राजा नराम-सिन याचा पायाभरणीचा लेख मिळाला. नराम-सिन हा सम्राट सारगॉनच्या घराण्यातला, इ. स. पूर्व तेविसाव्या शतकातला. नबोनिडसाने त्या पायावर, एक बोट आत नाही की एक बोट बाहेर नाही, असे नवे देऊळ उभारले. जुन्या लेखाला तेल माखून, बळी देऊन, तो स्वतःच्या लेखासह पुन्हा जागच्या जागी ठेवून दिला.

तेल माखण्याची ही रीत त्याची एकट्याची नव्हे. फार पूर्वीपासून राजे आपले लेख पायात पुरीत, ते जिवंत वाचकांसाठी नव्हेच. ‘पुढे हे देऊळ पडेल, तेव्हा जो राजा ते दुरुस्त करील त्याने माझे नाव वाचावे, लेखाला तेल लावावे, आणि तो जागी ठेवावा, असे करील त्याची प्रार्थना देव ऐकेल,’ अशा आशयाची विनंती त्यांत असते. आपली इमारत पडणार हे या राजांनी गृहीतच धरले होते. ही पूर्वीच्या राजाने पुढच्या राजाला लिहिलेली चिठ्ठी होती, आणि नबोनिडसाने पत्ता वाचून ती स्वीकारली.

याच देवळात सारगॉनची एक पुरातन मूर्ती मिळाली. तिचे अर्धे डोके फुटून गेले होते, चेहरा ओळखू येत नव्हता. नबोनिडसाने कुशल कारागीर बोलावून ते डोके पुन्हा घडविले, मूर्ती देवळातच ठेवली आणि तिला नैवेद्य लावून दिला. परचक्राने किंवा काळाने मोडलेली वस्तू दुरुस्त करून तिच्या जागी ठेवणे, हे राजकर्तव्य मानले जात होते.

आकड्यांची परीक्षा

येथपर्यंत सर्व ठीक. पण नबोनिडस आणखी एक गोष्ट सांगतो, आणि तेथे आपण सावध व्हायला हवे. तो म्हणतो की, नराम-सिनचा हा पाया ३२०० वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. आधुनिक कालगणनेप्रमाणे हे अंतर सुमारे १७०० वर्षांचे आहे. राजा तब्बल दीड हजार वर्षांनी चुकला! शिवाय नराम-सिनला तो सारगॉनचा पुत्र म्हणतो. वास्तविक तो नातू होता.

एवढ्यावरून हे लोक बेफिकिरीने आकडे फेकीत असत असे मानण्याचे कारण नाही. नबोनिडसाचे दुसरे दोन आकडे पाहा. लार्सा येथे त्याला हम्मुराबीचा लेख मिळाला. हम्मुराबी हा बुर्ना-बुरियश या राजाच्या आधी ७०० वर्षे होऊन गेला असे तो सांगतो. खरे अंतर सुमारे ४०० वर्षांचे आहे. शगरक्ती-शुरियश या राजापासून आपल्यापर्यंत ८०० वर्षे झाली असे तो म्हणतो. ती सुमारे ७०० भरतात. म्हणजे काळ जितका जवळचा तितकी चूक लहान. आकड्यामागे काहीतरी गणित आहे, कोणतीतरी यादी समोर ठेवून बेरीज केलेली आहे, हे यावरून उघड होते. दोष बेरजेचा नव्हता, यादीचा होता.

उत्तरेकडील असीरियाचा कारभार याहून चोख होता. तेथे प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत, आणि या नावांच्या क्रमवार याद्या राखीत. अमुक अधिकाऱ्याच्या वर्षात सिमानु महिन्यात सूर्यग्रहण झाले, अशी एक नोंद त्यांत आहे. ज्योतिर्गणिताने ते ग्रहण १५ जून, इ. स. पूर्व ७६३ चे ठरते. या एका खुंटीला आज पश्चिम आशियाची सगळी कालगणना टांगलेली आहे. असीरियाचा राजा सेन्नाचेरिब याने इ. स. पूर्व ६८९ मध्ये बाबिलोन जिंकून, पूर्वी तिकडे पळवून नेलेल्या दोन देवमूर्ती परत आणल्या, आणि त्या ४१८ वर्षांनी परत येत आहेत असे लिहून ठेवले. आधुनिक गणिताशी ताडून पाहता त्यात वीसपंचवीस वर्षांपलीकडे फरक पडत नाही. अखंड यादी आणि खंडित यादी यांत हा एवढा भेद असतो.

आकाशातून उतरलेले राज्य

मग दक्षिणेतील यादी कशी होती? तिचा सर्वांत पूर्ण नमुना इ. स. पूर्व १८०० च्या सुमाराचा, मातीच्या एका चौकोनी स्तंभिकेवर लिहिलेला असून तो ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. विद्वान हिला सुमेरी राजावली म्हणतात. राज्यपद आकाशातून खाली एरिदु नगरीत उतरले, असा तिचा आरंभ आहे. तेथला पहिला राजा अलुलिम याने २८,८०० वर्षे राज्य केले, दुसऱ्याने ३६,०००. अशा आठ राजांनी पाच नगरांत मिळून २,४१,२०० वर्षे राज्य केले; मग प्रलय झाला; आणि प्रलयानंतर राज्यपद पुन्हा आकाशातून किश नगरीत उतरले.

हे आकडे ऐकून आपल्याला हसू येईल. पण ते कसेही लिहिलेले नाहीत. सुमेरी लोक साठाच्या पटीत मोजत. तासाची ६० मिनिटे आपण आजही त्यांच्याच पद्धतीने मोजतो. साठ साठे ३६०० याला ते ‘सार’ म्हणत. अलुलिमची कारकीर्द आठ सार, त्याच्या नंतरच्याची दहा सार. पुढे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुरोहिताने आपल्या देशाचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला, त्यात प्रलयापूर्वीचा काळ १२० सार, म्हणजे ४,३२,००० वर्षे दिला आहे. कलियुगाची वर्षे आपल्याकडे तेवढीच सांगतात, हे ऐकून पुष्कळांचे कान टवकारतील. आकडा तोच आहे यात शंका नाही. पण तेवढ्यावरून कोणी कोणाकडून घेतला हे ठरत नाही.

प्रलयानंतर या यादीतील आयुष्ये हळूहळू आखूड होत जातात. किशच्या राजांची शेकड्यांनी, गिल्गामेशची १२६ वर्षे, त्याच्या मुलाची ३०. आणि मग आपल्यातुपल्यासारखी. किशचा एन्मेबरागेसी यादीत ९०० वर्षे राज्य करतो. तो कल्पित असावा असे कोणालाही वाटेल. परंतु त्याचे नाव कोरलेल्या दगडी भांड्याचा तुकडा बगदादच्या संग्रहालयात आढळला आणि १९५९ साली तो प्रसिद्ध झाला. माणूस खरा होता. वर्षे मात्र खरी नव्हती.

परंतु या यादीचा खरा दोष मोठ्या आकड्यांत नाही. ते आकडे निदान आपल्याला सावध तरी करतात. दोष आहे तो तिच्या सिद्धांतात. राज्य एका वेळी एकाच नगराचे असते, ते तेथून दुसऱ्याकडे जाते आणि मग तिसऱ्याकडे, असे ती मानते. प्रत्यक्षात ही नगरे शेजारीशेजारी, एकाच वेळी, एकमेकांशी भांडत नांदत होती. एन्मेबरागेसीचा मुलगा अग्गा आणि उरुकचा गिल्गामेश यांच्या संघर्षावर सुमेरी भाषेत एक काव्य आहे. पण यादीत किशचे घराणे अग्गाबरोबर संपते, मग उरुकचे चार राजे होतात, आणि त्यानंतर गिल्गामेश येतो. म्हणजे दोघांच्या मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे! ज्या शाळांत मुले हे काव्य गिरवीत त्याच शाळांत ही यादीही गिरवीत. शेजारची घराणी एकाखाली एक लिहून बेरीज केली की काळ फुगणारच. नबोनिडसाच्या ३२०० वर्षांचा उगम बहुधा अशाच बेरजेत आहे.

असा सिद्धांत कोणाच्या सोयीचा होता? जो आज गादीवर आहे त्याच्या. राज्य नेहमी एकच होते आणि आता ते आमच्याकडे आले आहे, असे म्हणता आले की शेजाऱ्याचा हक्क आपोआप नाहीसा होतो. म्हणूनच लगश हे मोठे नगर, ज्याच्या राजांचे लेख आज आपल्याजवळ विपुल आहेत, ते यादीतून साफ वगळलेले आहे. लगशच्या कोणा लेखकाने पुढे आपल्या नगराची वेगळी यादी रचली. तीही प्रलयापासून सुरू होते आणि तिच्यातही अचाट वर्षे आहेत. ती मूळ यादीची थट्टा असावी असे अभ्यासकांना वाटते. आणखी एक गोष्ट अशी की, या राजावलीची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी प्रत इ. स. पूर्व एकविसाव्या शतकातील असून तीत प्रलय नाही, एरिदु नाही. ती थेट किशपासून सुरू होते. म्हणजे सृष्टीच्या आरंभाची म्हणून जी कथा पुढे सांगितली गेली ती नंतर वर जोडलेली आहे. भूतकाळही असा वरून वाढत असतो.

‘येथे तुटले आहे’

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. राजे बदलत होते, पण पाट्या नकलून ठेवणारे लेखक-पंडित पिढ्यानपिढ्या तेच काम करीत होते. सुमेरी भाषा इ. स. पूर्व १८०० च्या सुमारास बोलण्यातून गेली. तरी पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे ती पाठशाळेत शिकविली जात होती. आपल्याकडे संस्कृत शिकवीत तशी. शब्दांच्या याद्या, जुन्या व नव्या अक्षरांची कोष्टके, ओळीखाली ओळ अशी भाषांतरे, अशी सामग्री त्यांनी तयार केली. असीरियाचा राजा असुरबनिपाल तर प्रलयापूर्वीचे शिलालेख आपण पाहिले आहेत असा अभिमान बाळगतो. त्याच्या निनेवे येथील ग्रंथसंग्रहाच्या ३०,००० हून अधिक पाट्या व तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या लेखकांची नकलण्याची शिस्त पाहण्यासारखी आहे. पाटीच्या शेवटी ती कोणत्या मूळ प्रतीवरून उतरविली, मूळ कोणत्या गावचे, ते ताडून पाहिले की नाही, हे नोंदवीत. आपल्याकडील पोथ्यांच्या अखेरीस लेखक जसे सांगतो की जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये, तसाच हा प्रकार. परंतु त्यांनी याहून एक पाऊल पुढे टाकले. मूळ पाटी जेथे फुटलेली असे, तेथे ते नकलेत ‘हेपी’ असा शब्द लिहीत. हेपी म्हणजे तुटले आहे. मूळ पाटी अलीकडेच फुटली असेल तर ‘नवे तुटले आहे’ असे लिहीत. पुष्कळदा गाळलेल्या जागेत कोणते अक्षर असावे हे त्या विद्वानाला सहज सुचले असणार. तरीही तो ते आपल्या मनाने भरीत नाही. जे पाहिले ते लिहायचे, जे पाहिले नाही तेथे तसे सांगायचे, हा नियम आजच्या कोणत्याही संशोधन-मंडळाने शिरोधार्य मानावा असा आहे.

दुसरे एक उदाहरण घ्या. नबु-झेर-लिशिर नावाच्या लेखकाला अक्कद येथे नराम-सिनच्या वाड्यात एक कोरीव दगड दिसला. तो नराम-सिनचा पुत्र शर-कली-शर्री याच्या लेखाचा होता. या लेखकाने ओल्या मातीवर त्या दगडाचा ठसाच घेतला, आणि मागील बाजूस आपण तो कोठे पाहिला हे लिहून ठेवले. आपले पुराभिलेखज्ञ शिलालेखावर ओला कागद दाबून ठसा घेतात. तीच ही युक्ती, अडीच हजार वर्षांपूर्वीची.

उर या नगरीत सर लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ पर्यंत उत्खनन केले. चंद्रदेवाच्या पुजारिणीच्या वाड्यातील एका दालनात त्यांना निरनिराळ्या शतकांतील वस्तू एकत्र मिळाल्या. त्यांतच ढोलकाच्या आकाराची मातीची एक वस्तू होती. तिच्यावर अमर-सिन राजाच्या सुमारे १४०० वर्षे जुन्या विटांवरील लेखांची नक्कल असून, या विटा उरच्या सुभेदाराला देवळाचा जुना नकाशा शोधताना ढिगाऱ्यात सापडल्या, आणि त्या पाहून अमुक पुरोहिताने ही नक्कल लोकांना दिसावी म्हणून केली, अशी टीप आहे. नबोनिडसाने आपली कन्या याच नगरीत चंद्रदेवाला अर्पण केली होती. तिचे नाव एन-निगल्दी-नन्ना. हे दालन म्हणजे जगातील पहिले वस्तुसंग्रहालय, असे वुली यांना वाटले. त्या वस्तू मुद्दाम मांडल्या होत्या की अशाच तेथे जमल्या, याविषयी आजचे अभ्यासक साशंक आहेत. पण ती मातीची नक्कल मात्र निःसंशय आहे.

सनद हवी म्हणून

एवढे प्रामाणिक लेखक ज्या परंपरेत घडले त्याच परंपरेत बनावट लेखही घडले, हे सांगितल्याशिवाय आजचा विषय पुरा होणार नाही. पुन्हा सिप्परच्याच देवळात जाऊ. स्वारीत शमशाची मूर्ती नाहीशी झाली होती. देवाचे उत्पन्न घटले होते. इ. स. पूर्व नवव्या शतकात, युफ्रेटीसच्या पश्चिम काठी देवाच्या मूळ रूपाची भाजलेली मृत्प्रतिमा सापडली, असे तेथील पुरोहिताने राजा नबु-अपल-इद्दिन याला दाखविले. राजाने तिच्याबरहुकूम नवी मूर्ती करविली, आणि पुरोहिताला व देवस्थानाला उत्पन्न तोडून दिले. हा शोध फारच वेळेवर लागला, अशी शंका आधुनिक पंडितांना येते.

दुसऱ्या वस्तूविषयी तर शंकेला जागाच नाही. क्रुसाच्या आकाराचा, बारा बाजू असलेला एक कोरीव दगड याच जागी १८८१ साली मिळाला. अक्कदचा राजा मनिश्तुशु, म्हणजे नराम-सिनचा बाप, याने एबब्बर देवालयाला अमुक इतके उत्पन्न लावून दिले, असा त्यावर मजकूर आहे. परंतु भाषा त्या काळची नाही. हा लेख मनिश्तुशुनंतर कित्येक शतकांनी देवळातल्याच लोकांनी तयार केला, असे आता सर्वमान्य झाले आहे. लेखाच्या अखेरीस हे खोटे नव्हे, खरेच आहे, असे ठासून सांगितलेले आहे! आपल्याकडे इनामाच्या तंट्यांत बनावट सनदा पुढे येत, त्यांच्या प्रकृतीशी हे किती जुळते! आणि अशी सनद बनवायला अज्ञान पुरत नाही. जुने वळण, जुनी नावे, जुनी शब्दयोजना ठाऊक असलेलाच माणूस ती बनवू शकतो. जो ठसा घेऊ शकतो तोच ठसा बनवूही शकतो.

पैशाचा लोभ नसतानाही भूतकाळ वाकवला जाई. नराम-सिन हा वास्तविक पराक्रमी व यशस्वी राजा. अक्कदचे राज्य मोडले ते त्याच्या मागाहून. पण त्याच्यानंतर फार काळ न जाता जे काव्य रचले गेले, त्यात त्याने निप्पुरच्या देवालयाचा विध्वंस केला आणि त्या पापाने अक्कद बुडाले, असे सांगितले आहे. पुढच्या एका बखरीत तर जुन्या प्रत्येक राजाची परीक्षा एकाच गोष्टीवर केली आहे : बाबिलोनच्या मर्दुक देवाला त्याने मासळीचा नैवेद्य नीट पोचविला की नाही! त्या राजांच्या काळी बाबिलोनला काही महत्त्वच नव्हते, हे बखरकाराच्या गावीही नाही. राज्ये का उदयास येतात आणि का बुडतात, हा त्याचा प्रश्न मोठा होता. उत्तर मात्र त्याने आधीच ठरवून ठेवले होते.

येथे न्यायाने एक सांगितले पाहिजे. याच देशात इ. स. पूर्व ७४७ पासूनच्या घटनांची जी बाबिलोनी बखर पुढे लिहिली गेली, तीत स्वतःच्या राजांचे पराभवही सरळ शब्दांत नोंदविले आहेत. ना स्तुती, ना सबब. तेव्हा ‘त्या लोकांना इतिहासाची दृष्टी नव्हती’ हे म्हणणे चूक, आणि ‘ती पूर्ण होती’ हे म्हणणेही चूक.

तात्पर्य

सारांश असा की, या पंडितांना भूतकाळ हा प्रथमतः पाया म्हणून हवा होता. देऊळ उभे राहण्यासाठी, राजाची गादी स्थिर होण्यासाठी, पुरोहिताचे उत्पन्न चालू राहण्यासाठी. या गरजेनेच त्यांना खणायला, वाचायला, मोजायला, ठसे घ्यायला शिकविले. ही गरज नसती तर एवढी साधने निर्माण झालीच नसती. पण पाया हवाच असला की तो नसेल तेथेही सापडू लागतो. दोन्ही प्रवृत्ती एका देवळात, एका पाठशाळेत नांदत होत्या. त्यांच्यातला फरक विद्वत्तेचा नव्हता. एकजण माहीत नसलेल्या जागी ‘तुटले आहे’ असे लिहीत होता आणि दुसरा तेथे आपल्याला हवे ते कोरीत होता, इतकाच तो फरक होता. आपल्या गावाच्या, घराण्याच्या, देवस्थानाच्या जुन्या कथा ऐकताना हा फरक आपणही विचारात घ्यावा; कारण त्या प्रत्येक कथेत कोठेतरी एक तुटलेली जागा असतेच, आणि ती कोणी भरली हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

इ. स. पूर्व ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन घेतले आणि नबोनिडसाचे राज्य संपले. सायरसचा मातीचा दंडगोल १८७९ साली बाबिलोनमध्ये सापडला. त्याच्या उरलेल्या शेवटच्या ओळींत, नगराचा तट दुरुस्त करताना आपल्या आधी होऊन गेलेल्या असुरबनिपालाचा लेख आपण पाहिला, असे हा परका विजेताही आवर्जून सांगतो. पुढे ही लिपीच लोपली, आणि पायात पुरलेल्या चिठ्ठ्या सुमारे अठराशे वर्षे कोणालाच वाचता येत नव्हत्या. त्या पुन्हा वाचणाऱ्यांत अग्रणी असलेला हेन्री रॉलिन्सन हा १८२७ साली कंपनीच्या लष्करात म्हणून प्रथम आपल्या मुंबईसच उतरला होता. त्याने आणि इतर तिघांनी एकाच असीरियन लेखाची, एकमेकांस न दाखविता केलेली भाषांतरे १८५७ साली लंडनमध्ये ताडून पाहण्यात आली. ती जुळली, आणि कीलाकार लिपी उलगडली याची खात्री पटली.

‘पुढे जो येईल त्याने माझे नाव वाचावे’ असे ज्यांनी लिहून ठेवले, त्यांच्या मनातला तो पुढचा राजा कधीच आला नाही. आले ते ज्ञानाची आवड असलेले साधे वाचक. तेल माखण्याचा विधी आपल्याला ठाऊक नाही. पण वाचलेले जसेच्या तसे सांगणे, आणि जेथे वाचता आले नाही तेथे हेपी म्हणणे, एवढे आपल्या हाती आहे.